धुरा न सरकवता डेबियनशेजारी व्हॉइड

आमच्याकडे धुरा (शेताचा बांध) सरकवायचा म्हटलं की भांडण ठरलेलं. हार्डडिस्कच्या वाटण्यांचंही, म्हणजे पार्टिशनचंही, तसंच. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, ५०० जीबीच्या डिस्कवर एकच मोठं बीटीआरएफएस (फाइली ठेवायची एक पद्धत) पार्टिशन, बॅकअपला दुसरी डिस्क नाही, आणि रात्री लाईन कधी जाईल याचा नेम नाही. पार्टिशन लहान करतानाच लॅपटॉप बंद पडला तर? बॅटरी तर पंधरा मिनिटांची पाहुणी. म्हणून धुऱ्याला हात न लावता, कपाशीत तुरीचं तास टाकतात तसं डेबियनच्याच पार्टिशनमध्ये व्हॉइड ही दुसरी लिनक्स पेरायचं ठरवलं.

शनिवार रात्र. डेबियन १२ चा इन्स्टॉलर रूटसाठी (मूळ सिस्टमसाठी) '@रूटएफएस' हा सबव्हॉल्यूम, म्हणजे पार्टिशनच्या आतला वेगळा कप्पा, आपणहून करतो, पण होम (आपल्या फाइलींचं फोल्डर) त्याच्याच पोटात ठेवतो. आधी ते बाहेर काढलं: वरच्या पातळीवर '@होम', त्यात रिफ्लिंक लावून कॉपी, एफएसटॅबमध्ये (काय कुठे जोडायचं त्या यादीत) एक ओळ. रिफ्लिंकमध्ये डेटा दुसऱ्यांदा लिहिला जात नाही, त्यामुळे ७० जीबी चहा होईपर्यंत उरकले.

मग '@व्हॉइड' केला. व्हॉइडचा टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) हॉटस्पॉटवरून उतरवला (फोन गच्चीवर, घरात रेंज नाही), तो सोडवून डेव्ह, प्रॉक, सिस ही चालू सिस्टमची फोल्डरं त्यात बाइंड-माउंट केली (जोडली) आणि सीएचरूट, म्हणजे डेबियनमधूनच व्हॉइडच्या आत शिरलो. बेस-सिस्टम टाकली. युजर आयडी दोन्हीकडे १०००, म्हणून होमच्या परवानग्यांची कटकट नाही.

ग्रब, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टम चालवायची तो मेनू, डेबियनचाच. त्याच्या '४०_कस्टम' फाइलीत व्हॉइडची नोंद हाताने लिहिली, रीबूट केलं आणि थेट ड्रॅकटच्या (व्हॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इमर्जन्सी शेलमध्ये! अर्धा तास यूयूआयडीचं (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाचं) एकेक अक्षर ताडून पाहिलं. चूक तिथे नव्हतीच. पार्टिशन एक म्हणून यूयूआयडीही एकच. कुठला सबव्हॉल्यूम रूट धरायचा ते कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) 'रूटफ्लॅग्ज'मधून सांगावं लागतं, आणि मी नेमकं तेच विसरलो. मग वरची पातळीच माउंट होते. तिथे नुसती तीन @वाली फोल्डरं, इनिट (सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) कुठून मिळणार? तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. "काऊन रे, झोपत नाही काय? जयलं काय ते मशीन?" मेनूत 'ई' दाबून तेवढे शब्द जोडले, एफ१० दाबलं, आणि लॉगिन आलं.

रविवार. व्हॉइडच्या रनिटमध्ये (सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सर्व्हिस चालू करायची म्हणजे एक सिमलिंक (फाइलीकडे बोट दाखवणारी खूण), बस्स. डेबियनच्या सिस्टमडीपेक्षा हे मला झेपतं. रिकामी जागा दोघांची सामायिक, ५० तुला ५० मला अशी वाटणी नाही. होम मात्र सगळंच सामायिक चालत नाही. व्हॉइडचा नवा फायरफॉक्स उघडला, नंतर डेबियनच्या जुन्या फायरफॉक्स ईएसआरने तेच प्रोफाइल घ्यायला नकार दिला. आता प्रोफाइल वेगवेगळे.

राहिलं एक. व्हॉइडमध्ये कर्नल बदलला की फाइलीचं नाव बदलतं, आणि डेबियनच्या ग्रबला त्याची खबर नसते. व्हीकेपर्ज (जुने कर्नल काढायची कमांड) चालवत नाही तोवर जुना कर्नल जागेवर असतो, म्हणून तूर्त निभतंय. बूट फोल्डरात कायम एकाच नावाची सिमलिंक ठेवून बघणार आहे, पण निंदण उरकल्यावर.