आमचा ब्रायटन
टिळकवाडीत लेले ग्राउंडवर खेळून झालं की कट्ट्यावर सगळे लिव्हरपूल नाहीतर युनायटेडवाले, मी एकटाच ब्रायटन या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा, आणि मला त्याचा लई अभिमान आहे बघा. मिडफिल्डर कैसेदोला आमच्या क्लबनं २०२१ मध्ये इक्वाडोरहून साधारण ४५ लाख पौंडांत आणलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींना दिलं, बोनस धरला तर साडेअकरा कोटींपर्यंत जातं ते! विंगर मितोमाला तर जपानहून घेऊन आधी वर्षभर बेल्जियमच्या क्लबला लोनवर, म्हणजे उसना खेळायला, धाडलं, घाई अशी नाहीच. मालक टोनी ब्लूम लहानपणापासूनचा फॅन. क्लबचं ग्राउंड विकल्यामुळं १९९७ ला ते सोडावं लागलं तेव्हा दोन वर्षं होम मॅचला दुसऱ्या गावात, जिलिंगहॅमला, जात होती ब्रायटनची माणसं, त्यांनाच पैशाची किंमत कळणार की.