कापलेलं जातं कुठं?

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आरती रेकॉर्ड करायची तर एकेका ओळीला चार-चार टेक लागतात, आणि त्यातले निम्मे गायकामुळे वाया जात नाहीत. एकात खालच्या ट्रकचा हॉर्न असतो, दुसऱ्यात शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी. संध्याकाळी कॉम्प्युटरवर चांगले तुकडे जुळवले, नको ते उडवले, की पडद्यावर सगळं लख्ख दिसतं. फोल्डर मात्र तसूभरही हलका झालेला नसतो.

कारण ही कात्री खरी नाहीच. टेपच्या काळी ब्लेडने कापलेली पट्टी पायाशी पडायची, दिसायची, झाडून टाकता यायची. आता पडद्यावरचा तुकडा म्हणजे फाइलकडे दाखवलेलं नुसतं बोट: हिच्यातला बाविसाव्या सेकंदापासून एकतिसाव्यापर्यंतचा भाग वाजव. बोट मागे घेतलं तरी फाइल डिस्कवर जागच्या जागी.

४८ किलोहर्ट्‌झ (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं), २४ बिट (दर मोजमापाला तीन बाइट), मोनो (एकच चॅनेल) म्हटलं की सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. चार मिनिटांच्या गाण्याचे बारा पूर्ण टेक घेतले तर एकट्या आवाजाचे ४१५ एमबी होतात. वर तबल्याचे दोन माइक, हार्मोनियम, टाळ, कोरस. डिस्क आता महाग राहिली नाही हे खरं. पण मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याचं काम, नेरुळला होणार असेल तर हे सगळं तिकडे पोचवायचं असतं. गणपतीच्या आधीच्या गर्दीत अपलोडची पट्टी बघत बसण्यापेक्षा डिस्क खिशात घालून ट्रान्सहार्बर लोकल पकडलेली बरी.

म्हणून साफसफाई. रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स ही रेकॉर्डिंग आणि एडिटिंगची सॉफ्टवेअरं, आणि त्यांत एका गाण्याची सगळी जुळवाजुळव म्हणजे एक प्रोजेक्ट. रीपरमध्ये फाइल मेनूत प्रोजेक्टचा फोल्डर साफ करायची सोय आहे. क्यूबेसमध्ये पूल, म्हणजे प्रोजेक्टमधल्या फाइलींची यादी, उघडून न वापरलेलं बाजूला काढता येतं. प्रो टूल्समध्ये क्लिप लिस्टमधून, म्हणजे तुकड्यांच्या यादीतून, ‘अनयूज्ड’ (न वापरलेले) निवडून ‘क्लिअर’. प्रो टूल्स तिथे थांबून विचारतं. ‘रिमूव्ह’ म्हणजे यादीतून नाव गेलं, फाइल डिस्कवर राहिली. ‘डिलीट’ म्हणजे कायमची गेली. क्यूबेसचा ट्रॅश हा पूलमधलाच एक फोल्डर असतो. तो रिकामा करून ‘इरेज’ म्हणेपर्यंत डिस्कवर एक बाइटही मोकळा होत नाही.

घात होतो तो ‘अनयूज्ड’ या शब्दाने. सॉफ्टवेअरच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की या प्रोजेक्टचं बोट या फाइलकडे नाही. आपल्याकडे एकाच फोल्डरात ‘आरती फायनल’, ‘आरती फायनल २’ आणि ‘आरती खरी फायनल’ नांदत असतात. ‘खरी फायनल’ उघडून रीपरमध्ये झाडू फिरवला, की फक्त ‘फायनल २’ मध्ये असलेला कोरस न वापरलेल्या फाइलींच्या यादीत जाऊन बसतो. महिन्याभराने कुणी म्हणतं, ‘आधीचाच कोरस बरा होता,’ आणि ते प्रोजेक्ट उघडल्यावर हरवलेल्या फाइलींची यादी समोर येते. सॅम्पलरमध्ये, म्हणजे साठवलेले आवाज बटणावर वाजवणाऱ्या प्लगिनमध्ये (सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या जोडप्रोग्रॅममध्ये), चढवलेला तबल्याचा एखादा ठोकाही असाच फसवतो. प्लगिनच्या पोटातली फाइल प्रत्येक सॉफ्टवेअरला दिसतेच असं नाही.

उलटही होतं. चार मिनिटांच्या टेकमधला ‘मोरया’ एवढाच शब्द घेतला असला, तरी ती ३५ एमबीची अख्खी फाइल ‘वापरात’ धरली जाते. तिच्यासाठी क्यूबेसमध्ये ‘मिनिमाइझ’ आणि प्रो टूल्समध्ये ‘कॉम्पॅक्ट’ आहे. वापरलेल्या भागाबाहेरचं ते फाइलमधूनच छाटतात. कॉम्पॅक्ट करताना मागेपुढे थोडी जागा राखावी, नाहीतर पुढे क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढवण्याचा सांधा, लांबवायला आवाजच उरत नाही. मिक्स पूर्ण होईपर्यंत हे करूच नये, असं आमचं मत.

आधी सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा आणि ती कॉपी उघडून वाजवून बघायची. न वाजवलेला बॅकअप हा नुसता नवस. मग सेव्ह ॲज करताना सगळा मीडिया नव्या फोल्डरात ओढून घ्यायचा, कारण प्रोजेक्ट सेव्ह न करताच रेकॉर्डचं लाल बटण दाबलं असेल तर ते टेक भलत्याच फोल्डरात पडलेले असतात. मग झाडू. फाइली रिसायकल बिनमध्ये पाठवायच्या. पेनड्राइव्हवर काम करू नये, विंडोजमध्ये तिथून काढलेलं बिनमध्ये न जाता थेट कायमचं जातं. प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडायचं आणि गाणं पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत ऐकायचं. बिन मात्र गाणं बाहेर पडेपर्यंत भरलेलं राहू दे. रीपरच्या ‘रीपीक्स’ फाइली, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लहरींची साठवलेली चित्रं, बिनधास्त उडवाव्यात, त्या पुन्हा तयार होतात.

झाडू फिरवण्याआधी एक गोष्ट मात्र त्या टाकाऊ ढिगातून उचलायची. गायक श्वास घेऊन थांबलेला असतो, आवाज लागलेला नसतो, ते पाच-दहा सेकंद. दोन तुकड्यांच्या मध्ये संपूर्ण शांतता ठेवली तर कानाला खड्डा लागतो. तो त्याच खोलीच्या शांततेने बुजवावा लागतो. ‘खोली पंखा बंद’, ‘खोली पंखा चालू’ अशी नावं देऊन दोन फाइली वेगळ्या ठेवाव्यात. जुलैत रेकॉर्डिंग असेल तर तिसरीही, खिडकीवरच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाची.