पेढीवरचा पेंटियम

धाकटीची एलिमेंटरीची परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे घरात जिथं बघावं तिथं पेन्सिली. परवा दुपारी मात्र तिला खोडरबर मिळेना. दप्तर झालं, कंपासपेटी झाली, दिवाणाखाली झाडू घालून झाला. शेवटी तिनं माझा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा उघडला आणि आतून दोन खोडरबर काढले. दोन्हीच्या कडा काळ्याकुट्ट.

"बाबा, हे तुमच्याकडं कशाला?"

मी तिला रॅमची पट्टी दाखवली, कॉम्प्युटरची कामापुरती आठवण जिच्यात असते ती. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी टोकं असतात. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती मळतात आणि मग बटण दाबल्यावर पडद्यावर काही येत नाही, नुसता बीप बीप आवाज येत राहतो. अशा वेळी खोडरबर हलक्या हातानं दोन्ही बाजूंनी फिरवायचं, ब्रशनं कचरा झाडायचा आणि पट्टी खटकन परत बसवायची. पुस्तकी लोक सांगतात की खोडरबरानं सोन्याचा मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं. असेल बाबा. पण कुठल्याही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बघा, सोल्डरिंग गनच्या शेजारी खोडरबर असतंच. धाकटीनं हे सगळं अर्धं ऐकलं, त्यातल्या त्यात स्वच्छ खोडरबर घेतलं आणि गेली. मी डबा पुढ्यात घेऊन बसलो तो बसलोच.

सध्या टेबलावर जो जुना कॉम्प्युटर आहे तो सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरनं आलाय. पेंटियम ४ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची जुन्या आयडीई पद्धतीची हार्ड डिस्क. पेढीवरचे अण्णा म्हणाले, "घेऊन जावा. पैसं काय नकोत. भंगारवाला किलोवर मागायलाय, त्याला देण्यापरास तुम्ही न्या." जुनं मशीन उघडलं की आत साधारण काळी-करडी धूळ असते, पंख्यावर तिचा नमद्यासारखा थर बसलेला. हे उघडलं तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांच्या कडा पिवळ्या, हीटसिंकच्या फटी पिवळ्यानं बुजलेल्या, पॉवर सप्लायच्या जाळीत पिवळा गोळा. पेढीवरची वीस-एक वर्षांची हळद त्या पंख्यानं ओढून आत साठवली होती. गच्चीवर नेऊन ब्रशनं झाडलं, तर वास असा सुटला की शेजारच्या वहिनींनी मसाला कुटायला काढला काय म्हणून विचारलं. खाली आलो तेव्हा सदरा, हात, भुवया सगळं रंगलेलं. बायकोनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो, परत हळद लागली काय तुम्हाला?"

बोर्डावरची बॅटरी गेलेली होती. ती बटणाएवढी सीआर २०३२. ती मेली की मशीनला दिवस-वार काही आठवत नाही. दर वेळी सुरू करताना तारीख १ जानेवारी २००२. ही तारीख घेऊन इंटरनेटवर गेलं की एकही साइट दार उघडत नाही. सुरक्षेचं प्रमाणपत्र तपासताना ब्राउझर म्हणतो, हे अजून लागूच झालेलं नाही. त्याचं बरोबरच आहे. २००२ साली ते कुठनं असणार?

अशा मशीनवर मी लिनक्स घालतो, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. जुन्या मशीनवर चालणाऱ्या तिच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली काढलं, नाव आपल्या कुत्र्यावरनं दिलं. ते सीडीवरनं उचलून अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं, मग सीडी काढून घेतली तरी त्याला पत्ता नाही. पहिल्यांदा सुरू झालं की स्पीकरमधनं भुंकतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि रात्रीचे साडेबारा वाजलेले. गल्लीतल्या कुत्र्यांनी मनावर घेतलं. टायनी कोअर त्याहून बारीक. नुसती काळी स्क्रीन आणि कमांड एवढ्यावर भागत असेल तर १७ एमबी, खिडक्या आणि माउस हवा असेल तर २३ च्या आसपास. फोननं काढलेले पाच-सहा फोटो एवढीच जागा खातात. डॅम स्मॉल लिनक्सनं स्वतःला ५० एमबीची वेस आखून घेतली होती, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीत मावेल एवढं. २००८ नंतर ते गप झालं आणि २०२४ मध्ये परत आलं तेव्हा वेस ७०० एमबीवर गेलेली. एका साध्या सीडीत मावलं म्हणजे झालं, असं ठरवून. नाव तेच, पोट चौदापट. त्यांना तरी काय बोलायचं? ५१२ एमबीत आजचा ब्राउझर उघडणं म्हणजे एका खोलीत अख्खं वऱ्हाड उतरवणं. पेंटियम ३ वर तर तो उघडतही नाही, त्या प्रोसेसरला एसएसई२ नावाच्या सूचना येत नाहीत आणि आजच्या ब्राउझरांना त्या लागतातच.

आमचा एक छोटा ग्रुप आहे. मिरजेचे एक निवृत्त रेल्वेवाले, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा एक पोरगा, विट्याचे एक मास्तर, असे मिळून पाच-सातजण. रविवारी विश्रामबागेत चहाला जमतो, एरवी मोबाइलवर. तिथं आम्ही एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाही. मशीन सुरू करून, काहीही न उघडता, किती रॅम खाल्ली तो आकडा टाकतो. मास्तर ४४ एमबी म्हणाले की रेल्वेवाले दुसऱ्या दिवशी ४१ वर आणतात. त्यासाठी घड्याळ काढ, भिंतीवरचं चित्र काढ, छपाईची सेवा बंद कर, आवाज बंद कर. एकदा तर माउसचा बाण काढता येईल का यावर चर्चा झाली. एवढं सगळं उतरवून त्या मशीनवर करायचं काय, हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारत नाही. विचारणं असभ्यपणाचं मानतात.

घरी मात्र विचारतात. "चालू झालं ना? मग आता त्याचं करणार काय?" मी म्हणतो, बघू. खरं सांगायचं तर चालू झाल्यावर माझा त्यातला रस संपतो. मला आवडतं ते त्याआधीचं. आयडीई डिस्कवरचा जंपर, म्हणजे डिस्क पहिली की दुसरी ते ठरवणारी टिकली, चिमट्यानं मास्टरवरनं स्लेव्हवर सरकवणं, अडकलेल्या सीडी ड्राइव्हच्या बारीक भोकात स्टेपलरची पिन नाही तर पेपर क्लिप सरळ करून घालणं, फुगलेले कपॅसिटर हुडकणं. आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागतात: डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, नेटवर्क कार्ड सापडलं. नवीन लॅपटॉप सुरू होताना नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवतो आणि एक ठिपका गोल फिरवतो. आत काय चाललंय ते तुम्हाला कशाला हवं, असा त्याचा एकूण आव. मला ते बरं वाटत नाही. घरातले लोक दार लावून कुजबुजायला लागले की येतो तसला राग येतो.

शाळेत असताना आम्हाला कॉम्प्युटर शिकवला तो असाच दार लावून. चपला बाहेर. आख्ख्या शाळेत एकच एसी, तोही कॉम्प्युटरला. शिक्षकांना पंखा. आत गेल्यावर सर प्रत्येक मशीनवरचं प्लॅस्टिकचं आच्छादन घडी घालून काढायचे, आणि ती घडी नीट चौकोनी व्हायला तासातली दहा मिनिटं जायची. एका मशीनला तिघं. एकानं कळ दाबायची, दुसऱ्यानं वहीतली कमांड वाचून दाखवायची, तिसऱ्यानं बघायचं. माझा नंबर बहुतेक वेळा तिसरा लागायचा. लोगो नावाच्या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं कासव होतं, एफडी १०० म्हटलं की पुढं जाणारं, आरटी ९० म्हटलं की उजवीकडं वळणारं. चौकोन काढून झाला की घंटा व्हायची. मला गोल काढायचा होता. ३६० वेळा एक पाऊल आणि एक अंश असं केलं की गोल होतो, हे मी घरी चपलेनं अंगणात आखून शोधलं होतं. ते सरांना सांगितलं तर सर म्हणाले, सिलॅबसमध्ये चौकोनापर्यंतच आहे.

तर ते असो.

लिनक्स ज्यानं लिहिलं त्या लिनस टॉरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ ला जगाला कळवलं होतं की मी आपला छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठं काही होणार नाही. ते त्यानं इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर केलं. आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच ३८६ ला लिनक्सच्या गाभ्यातनं काढून टाकलं तेव्हा हाच गडी म्हणाला की मी भावनाप्रधान नाही, गेली ब्याद. ज्या मशीनवर जन्म झाला त्याच्याबद्दल हे उद्गार! पण त्याचंही खरं आहे. जुनं सांभाळायला कुणाला तरी रात्री जागाव्या लागतात. डेबियन या लिनक्सच्या मोठ्या जातीनं ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाल्यांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं तेव्हा ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. ऑक्टोबरात विंडोज १० चा आधार संपला आणि ऑफिसांतनं धडधाकट आय-फाइव्हवाले कॉम्प्युटर बाहेर पडायला लागले, तर त्यांच्याकडं आमच्यातलं कोणी ढुंकून बघत नाही. त्यांच्यावर काहीही टाका, चालतं. त्यात काय मजा?

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे सांगलीकरांना मात्र एका रात्रीत ठरवावं लागलेलं आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, पाणी ५७ च्या वर गेलं. काकांचं घर गावभागात. माडीवर काय न्यायचं याची यादी करायला कोणालाच वेळ नव्हता. देव गेले, सिलिंडर गेला, घराची कागदपत्रं, तांदळाचा डबा, काकूंचं शिलाई मशीन. कॉम्प्युटरकडं बघून काका म्हणाले, "राहू दे ते डबडं." पाणी उतरल्यावर आम्ही तो गाळातनं काढला. बॅटरी काढून बोर्ड चक्क स्वच्छ पाण्यानं धुतला, टूथब्रशनं घासला, बरेच दिवस पंख्याखाली ठेवला. आणि तो सुरू झाला. डिस्क नाही झाली. डिस्कला हवेसाठी एक सुईएवढं भोक असतं, हे झाकू नका असं शेजारी छापलेलं असतं. तिथनं कृष्णा आत गेलेली. काकूंनी भजनी मंडळाची सगळी भजनं त्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवली होती. वह्या होत्या, त्या खालच्याच कपाटात.

आता काकूंचा निरोप आलाय. "तुझ्याकडं पडून असला तर एखादा दे. आठवतायत तोवर लिहून काढते."

मला वाटलं, हा पेढीवरचाच देऊ. काळ्या पडद्याचंच टायनी कोअर घातलंय, ३८ वर आणलंय, रेल्वेवाल्यांच्या तोंडाला फेस आणला होता त्या आकड्यानं. त्याच्यावर मराठीतली एक फाइल उघडून बघितली. पडद्यावर ओळीनं चौकोन.

यात मशीनचा दोष नाही. लिनक्सच्या त्या काळ्या पडद्याला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि एका घरात एक अक्षर एवढंच त्याला समजतं. आपलं काम तेवढ्यावर भागत नाही. ‘कि’ लिहिताना क आधी येतो आणि वेलांटी मागनं, दिसताना मात्र वेलांटी पुढं येऊन उभी राहते. ‘विठ्ठल’ लिहायचं तर एका ठ ला दुसरा जोडायचा. ही जुळणी करायला वेगळा प्रोग्रॅम लागतो, त्याच्यासाठी खिडक्यांची सगळी व्यवस्था लागते, वर लोहितसारखा फाँट. फाँट तसा किरकोळ, एका फोटोपेक्षा लहान. खर्च जुळणीचा. आणि सिस्टिम हलकी करायला बसलं की पहिला हात भाषांवरच पडतो. डेबियनमध्ये तर न लागणाऱ्या भाषा पुसून टाकायला लोकेलपर्ज नावाचं खास साधन आहे. टायनी कोअरमध्ये पुसायलाही काही नाही, भाषांचा गठ्ठा मुळात दिलेलाच नसतो, हवा तर मागून घ्या. इतकी वर्षं ग्रुपवर आम्ही मराठीत भांडतोय आणि ज्या मशीनांपायी भांडतोय त्यातलं एकही मराठीचा म दाखवत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या मते ते सगळं जास्तीचं.

रात्री बसून अँटीएक्स ही लिनक्सची आणखी एक जात घातली. तीही ३२ बिटवर चालते आणि तिच्यात खिडक्या आहेत. लोहित घातला, इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी लावली. काकूंची बोटं जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली, त्यांना ळ सापडायला वेळ लागेल आणि त्या मला फोन करून बोलतील, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवलीय. रॅमचा आकडा दीडशेच्या पुढं गेलाय. रविवारी चहाला कोणी विचारलंच, तर सांगणार आहे की मोजला नाही.