कापणीचा सण आणि आमची लांबलचक पंगत

लहानपणी मला नाताळापेक्षा कापणीचा सण जास्त आवडायचा. हे ऐकून मुंबईकडच्या ख्रिस्ती मित्रांना पण नवल वाटतं, पण सोलापुरात आमच्या मंडळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. नाताळ बराचसा घराघरात होतो, करंज्या चकल्या, नवे कपडे, पाहुणे. कापणीच्या सणाला मात्र सगळी मंडळी दिवसभर एका मांडवाखाली, आणि मंडळी म्हणजे नुसती चर्चच्या रजिस्टरात नावं असलेली नाही बरं का, आजूबाजूचे, कारखान्यातले, शाळेतले, ज्याला ज्याला बोलावलंय ते सगळे.

मालदांडी ज्वारी निघायला लागली की फेब्रुवारी-मार्चमधला एक रविवार ठरायचा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, उपासनेत जाहीर करायचे आणि त्या दिवसापासून महिला मंडळाच्या मावश्या वर्गणीची वही घेऊन घरोघर. आदल्या रात्री आम्ही पोरं चर्च सजवायला. खांबांना कणसांसकट ज्वारीची ताटं बांधायची, वेदीच्या दोन्ही बाजूला ऊस, खाली हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, करडई, बोरं, डाळिंबं, आणि सकाळी खेड्यावरची माणसं आली की पाय बांधलेल्या कोंबड्या, त्या नेमक्या प्रार्थनेच्या वेळी ओरडायच्या. ज्यांना शेती नाही ते काय आणणार? तर ते पण आणायचे. यंत्रमागावर काम करणारे एक काका दरवर्षी स्वतःच्या हाताखालून निघालेला टॉवेल आणायचे, घडी घालून, वर एक फूल ठेवून. विडीकाम करणाऱ्या मावश्या आठवड्याच्या मजुरीतला वाटा पाकिटात घालून आणायच्या. त्या ढिगात टॉवेल, पाकीट, भोपळा, अंडी सगळं शेजारी शेजारी पडलेलं असायचं आणि पाळकसाहेब सगळ्यावर एकच प्रार्थना करायचे.

उपदेश बहुतेक वेळा बायबलमधल्या रूथवर. मला तेव्हा लांब वाटायचा तो उपदेश, आता वाटतं की आमच्या सणाला याच्याहून बरोबर गोष्ट दुसरी नाहीच. बायबलच्या जुन्या करारातल्या नियमशास्त्रात सांगितलंय की शेताच्या कडेचं पीक कापू नका, खाली पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबासाठी आणि परदेशी माणसासाठी ठेवा. आणि पिकाचा सण करताना कोण कोण पाहिजे तर मुलगा, मुलगी, घरचे नोकर, गावातला उपरी, अनाथ, विधवा, सगळ्यांनी मिळून आनंद करायचा. म्हणजे मालकाने आनंद करून उरलेलं वाटायचं असं नाही, सगळ्यांनी बरोबर बसायचं. तर रूथ ही मवाबी, परक्या देशाची, त्यातून विधवा, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. आमच्याकडं खेड्यावरून आलेल्या कितीतरी बायकांनी स्वतः सरवा वेचलेला होता, त्यामुळं पाळकसाहेब बोलायला लागले की त्या पदर सावरून पुढं सरकून बसायच्या, त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. आणि गोष्टीचा शेवट काय, तीच परकी बाई दावीद राजाची पणजी झाली, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना बापांच्या नावांच्या रांगेत तिचं नाव मुद्दाम घातलं. प्रभूच्या स्वतःच्या घराण्यात बाहेरून आलेली माणसं आहेत, मग आपण कुणाला बाहेरचा म्हणायचं?

उपासना संपली की लिलाव. हा आम्हा पोरांचा सगळ्यात आवडता भाग. आलेलं सगळं दान लिलावात काढायचं, पैसे मंडळीच्या कामाला. एका आज्जींचा भोपळा मला अजून दिसतो, मोठा पण एका बाजूने चपटा झालेला, त्या तो पोत्यात घालून एसटीने घेऊन आल्या होत्या. बोली वीस रुपयांवरून सुरू झाली, कुणीतरी शंभरला घेतला आणि लगेच म्हणाला परत टेबलावर ठेवा, मग दुसऱ्याने दीडशेला घेतला, त्याने पण परत ठेवला. असं करत करत शेवटी तो घेतला चर्चच्या समोरच्या गॅरेजवाल्या चाचांनी, ते दरवर्षी यायचे, आमच्या मांडवाचे दिवे तेच लावून द्यायचे. भोपळा घेऊन ते तडक आज्जींकडं गेले, "आज्जी, हे तुमच्या घरचं हाय, घरीच न्या." आज्जी काही घेईनात. मग चाचांनी तो सरळ स्वयंपाकाच्या चुलीकडं पाठवला आणि संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ला.

आता पंगतीबद्दल. प्रीतिभोजन म्हणजे आमच्या सणाचा जीव. लांबच लांब सतरंज्या, पत्रावळ्या, भात, मटणाचा रस्सा, न खाणाऱ्यांसाठी वांग्याची भाजी, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, शेवटी बुंदी. कोण कुठं बसायचं हे ठरवायचं नाही हा आमच्या मंडळीचा कडक नियम होता, जो येईल तो रांगेत पुढच्या जागेवर. डॉक्टर आले तरी तेच, महापालिकेचे सफाई कामगार आले तरी तेच. जरा कुणी जागा राखून बसला की वाढणारा दादा ओरडायचा, "कुणाची वाट बघलालास बे, सरक की पुढं!"

हा नियम असाच आलेला नाही. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या आधीच्या पिढीत लोक प्रभूचे झाले, एका देवळात बसायला लागले, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायला लागले, पण घरी जेवायला बोलवायची वेळ आली की जुनी जात परत आडवी यायची, कोण कुणाच्या हातचं खाणार, कोण कुणाला मुलगी देणार. मला हे लपवावंसं वाटत नाही. अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला काम सुरू झालं, पुढं सोलापूरला आले, त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवलं, उपकार फार मोठे आहेत, पण जात ही अशी वस्तू नाही की बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात धुऊन निघेल, तिच्याशी रोज भांडावं लागतं आणि तेही जेवणाच्या जागेवर भांडावं लागतं. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत नेमकं हेच झालं होतं. प्रभुभोजनाला जमायचे आणि पैसेवाले आपलं आपलं आधी खाऊन घ्यायचे, गरीब उपाशीच. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात स्पष्ट लिहिलं की असं जेवण प्रभूचं भोजन नाहीच. आजोबा म्हणायचे की आमच्या पंचांनी तो अध्याय वाचला आणि पंगतीचा नियम केला. काही घरं त्यावरून रुसली, काही वर्षं आलीच नाहीत. नंतर आली. त्यांची नातवंडं माझ्याबरोबर पंगतीत वाढायला होती.

संध्याकाळी भजनं. पेटी, तबला, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी म्हटल्याशिवाय आमच्याकडं कुठलाच कार्यक्रम पुरा होत नाही. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांचा अभंग सोडला नाही, उलट तीच चाल, तोच गोडवा घेऊन ते येशूपाशी गेले. त्यामुळं व्हायचं काय, की शेजारच्या गल्लीतले वारकरी काका, त्यांना शब्द नवीन असले तरी ठेका पाठ, टाळ घेऊन बिनधास्त मध्ये बसायचे आणि त्यांच्यामुळं आमची भजनं रंगायची. टिळकांनी शेवटी शेवटी, १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळेच यावेत असं त्यांचं म्हणणं. मिशनमधल्या कितीतरी जणांना ते तेव्हा पटलं नव्हतं. मला वाटतं टिळकांना आपल्या माणसांचं मन बरोबर कळलं होतं.

भजनानंतर शास्त्रवाचन, आणि ते चार भाषांत. सोलापूरच ते. मराठी झालं की अक्कलकोटकडचे एक मास्तर कन्नडमध्ये वाचायचे, मग पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबातली एक मुलगी, मग हिंदी. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा दुसरा अध्याय, पन्नासाव्या दिवसाचा, जिथं वेगवेगळ्या देशांतून जमलेला प्रत्येक जण देवाची थोर कामं आपापल्या भाषेत ऐकतो. त्यानंतर प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकाच वेळी, ज्याने त्याने आपल्या भाषेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट वाटेल, पण मधे मधे सगळे एकदम थांबतात आणि 'आमेन' मात्र सगळ्यांचं बरोबर एका वेळी येतं. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

संडे स्कूलच्या पोरांचं नाटक शेवटी. चांगल्या शोमरोनीचं, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमीला उचलणाऱ्या परक्या माणसाचं नाटक ठरलेलं, जखमी माणूस विजापूर रोडला पडलेला आणि बाकी सगळं लूकच्या शुभवर्तमानासारखंच. नाटक संपलं की आमच्या टीचर डॉक्टर कोटणीसांची गोष्ट सांगायच्या. आपल्या सोलापूरचा मुलगा, १९१० चा जन्म, १९३८ ला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात गेला, युद्धातल्या जखमींची सेवा करत करत १९४२ ला तिकडंच वारला, वय अवघं ३२. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. टीचर ते मुद्दाम सांगायच्या, की बघा, येशूच्या गोष्टीतला शोमरोनी पण यहुद्यांच्या हिशेबी बाहेरचाच होता, आणि येशू म्हणतो जा, तू पण तसंच कर. ज्या देवाने एकाच रक्तापासून सगळी राष्ट्रं केली त्याची लेकरं कुठं कुठं भेटतील हे आपण कोण ठरवणारे, असं त्या म्हणायच्या. वर्गात आम्हाला हा प्रश्न परीक्षेला पण असायचा.

मोठं झाल्यावर कळलं की आपल्याच ख्रिस्ती लोकांत पण किती भिंती आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे आमच्या वडिलांच्या पिढीला केवढं मोठं वाटलं होतं. आणि तरी अजून कॅथलिक वेगळे, मेथडिस्ट वेगळे, पेंटेकॉस्टल वेगळे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरलेला असतो, सगळं शहर एकमेकांना धक्के मारत हसत फिरत असतं. मला मनापासून वाटतं की ज्यांना एका पंगतीला बसता येतं त्यांना एका वेदीपाशी पण यायला जमेल, फक्त आधी बसायला पाहिजे.

मध्ये काही वर्षं बुफे आला होता. टेबलं, प्लेटा, जो तो आपल्या ग्रुपमध्ये उभा राहून खाणार आणि निघून जाणार. मागच्या मीटिंगमध्ये महिला मंडळाने ठरवून टाकलं की सतरंज्या परत काढायच्या. यंदा ज्वारी जरा उशिरा आहे म्हणून सण मार्चच्या शेवटच्या रविवारी धरलाय. सोलापुरात असाल तर या, ख्रिस्ती असा नाहीतर नसा, उपासना सकाळी नऊला आहे, जेवण साधारण एकला सुरू होईल, आणि जागा राखायला रुमाल टाकू नका, वाढायला यंदा पण तोच दादा आहे.