पोटऱ्यांच्या भरवशावर तोलेदो

स्पेनमधल्या तोलेदोत मोबाइलचा नकाशा फारसा कामाचा नाही. दोन्हीकडची घरं इतकी खेटून आलेली असतात की पडद्यावरचा निळा ठिपका भलत्याच गल्लीत जाऊन उभा राहतो. त्यापेक्षा पोटऱ्यांवर भरवसा ठेवावा. चढ लागला, म्हणजे बहुधा आपण आल्कासारच्या किल्ल्याकडे निघालोय. उतार संपता संपेना, म्हणजे ताहो नदी जवळ आली. नदीने गावाला तीन बाजूंनी वेढा घातलाय, त्यामुळे ती कुठे ना कुठे भेटतेच.

माद्रिदहून रेल्वेने अर्धा-पाऊण तास. स्टेशनाबाहेरची बस सोडून द्यावी आणि आल्कांताराच्या दगडी पुलावरून पायी गावात शिरावं. उत्तरेच्या उतारावर सरकते जिनेही आहेत. मी ते वापरते. चालण्याचा हट्ट गुडघ्यांवर काढू नये.

रस्त्यावरून घरं अगदी तुसडी वाटतात. कोरी भिंत, खिळे ठोकलेलं जाड दार. ते चुकून उघडं राहिलं तर आत चौक, कुंड्या, गार सावली, थेट पेठेतल्या वाड्यासारखी. अशाच एका चढावर वर्ष ९९९ मध्ये बांधलेली विटांची मशीद आहे, पुढे चर्च झालेली. मोठ्या खोलीएवढीच, पण छताला नऊ घुमट आणि एकाचीही कमानरचना दुसऱ्यासारखी नाही. खाली यहुदी वस्तीत सांता मारिया ला ब्लांका: सिनेगॉग म्हणून बांधलेलं, मग चर्च केलेलं. पांढऱ्या खांबांवर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी. माहितीपत्रकं ‘तीन संस्कृतींचं शहर’ म्हणून गोडवे गातात. १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर काढलं, हे मात्र त्यांत जरा बारीक अक्षरात असतं.

मला इथला आवडता माणूस म्हणजे अकराव्या शतकातला काझी, साइद अल-अंदलुसी. १०६८ मध्ये त्याने जगातल्या विद्याप्रेमी लोकांचा आढावा लिहिला आणि पहिला मान हिंदुस्थानाला दिला. अंतरामुळे तिथले फार थोडे ग्रंथ आमच्यापर्यंत पोचले, असंही प्रांजळपणे लिहून ठेवलं. इतक्या थोड्या पुराव्यावर इतकं कौतुक! या गल्ल्यांतून हिंडताना त्याची उगाच ओढ लागते.

१५६१ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने दरबार माद्रिदला हलवला. तोलेदोचं वैभव ओसरलं. पण रस्ता रुंदीकरणही टळलं, हा चालणाऱ्यांचा फायदा.

त्यानंतर काही वर्षांनी क्रीट बेटावरून आलेला चित्रकार एल ग्रेको इथे स्थायिक झाला. त्याच्या तोलेदोच्या प्रसिद्ध निसर्गचित्रात कॅथेड्रल मूळ जागेवरून उचलून आल्कासारच्या डावीकडे ठेवलंय. जाणकार त्यावर बरीच चर्चा करतात. दुपारभर इथे पायपीट केलेल्याला त्यात वावगं वाटायचं कारण नाही. मघाशी उजवीकडे असलेला कॅथेड्रलचा मनोरा पुढच्या वळणावर खुशाल डावीकडून डोकावतो, आणि त्याच्या पुढच्या वळणावर चक्क पाठीमागून.