तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात जरबेरा का कुजतो

"तुमचा जरबेरा पावसात टिकतो, मग आमचाच का कुजतो?" जून लागला की गल्लीतल्या, नात्यातल्या सगळ्या हेच विचारतात, तर म्हटलं एकदा नीट सांगूनच टाकते.

तुम्ही त्याचा गाभा पुरता, म्हणून. जिथून पानं आणि कळ्या निघतात ती जागा मातीच्या एक-दोन सेंटीमीटर वरच पाहिजे, सुरवातीला झाड थोडं हललं तरी हलू दे. मी पण पहिल्या वर्षी वडगावच्या अंगणात चार रोपं लावली, हलतायत म्हणून मिरचीला ओढतो तशी बुंध्याला माती ओढली, आणि जुलैच्या झडीत चारही गेली, उचलायला गेले तर पानं नुसती हातात आली, खाली सगळं काळं. लई वाईट वाटलं होतं. मग बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका पॉलीहाऊसवाल्या काकांनी बेडवर रोप ठेवून दाखवलं, म्हणाले, "वैनी, हे पुरायचं नाही, बसवायचं."

दुसरं माती. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, त्याला निथळणारी आणि जरा आम्लधर्मी माती लागते, पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, साडेपाच ते साडेसहा, म्हणून खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती त्याला मानवते. माझी नणंद बैलहोंगलला, तिथं काळी माती, पानं पिवळी पडायची आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, मग शेणखत कितीही घाला. शेवटी मीच तिला दहा इंची कुंडी भरून दिली, निम्मी तांबडी माती, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं शेणखत आणि राईस मिलमधली भाताची तुसं.

पावसाळ्यात माझ्या कुंड्या पत्र्याखाली असतात, एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. पाणी सकाळीच, तेही बाजूनं, गाभ्यात साचू द्यायचं नाही. खालची जुनी पानं काढत जा, हवा खेळली पाहिजे. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाट होतो तेव्हा मुळांसकट वेगळा करून लावा, एकाची तीन झाडं होतात, बियांच्या मागं लागू नका, त्या लवकर जुन्या होतात.

आणि फूल कात्रीनं कापू नका प्लीज! देठाचा खुंट राहिला की तिथूनच कुज लागते. देठ खाली धरून बाजूला वाकवून ओढा, बुडापासून सुटतो. फ्लॉवरपॉटमध्ये पाणी दोन बोटंच, देठ लवीचा असतो, जास्त बुडाला की मऊ पडतो.

नणंदेच्या कुंडीत आता केशरी फूल आलंय, काल तिनं तीनदा फोटो पाठवला.