‘बत्तीस बोअर’ म्हणजे नेमकं कुठलं काडतूस?

शस्त्राच्या परवान्यावर ‘.३२’ (इंचातलं माप) एवढंच लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आणि पॉइंट बत्तीसचं पिस्तूल यांची काडतुसं वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, १८९६ सालचं. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं, १८९९ सालचं. मिलिमीटरच्या आकड्यावरून खात्री करावी, तर दोन्हीकडं ७.६५ च सापडतं. फरक दिसतो तो लांबीत. लाँगची पितळी केस २३.४ मि.मी., एसीपीची १७.३. शेजारी शेजारी उभी केली की लहान पोरालाही कळेल (पोराच्या नजरेला पडू द्यायची नाहीत, हा भाग निराळा).

खरा धोका असा, की एसीपी लाँगच्या चेंबरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, जातं. केसची जाडी बुडाशी दोन्हींची सारखीच, साधारण ८.५६ मि.मी. मग ‘बसतंय की’ म्हणून माणूस मोकळा होतो. पण रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस अडून राहतं ते बुडाच्या कडेवर. लाँगची कडा ९.५ मि.मी. रुंद आणि १.४ जाड, एसीपीची ९.१ रुंद आणि १.१५ च्या आसपास जाड. म्हणजे मागं पाव मिलिमीटर ढिलाई राहते. कधी पिन हलकी लागून राउंड उडतच नाही, आणि उडाला तर केस जोरानं मागं आदळते. त्यात एसीपीचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), लाँगचा १५,०००. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस हे वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं, मधून मोडून उघडणारं. तो सगळा धक्का वरच्या खटक्यावर आणि बिजागरीच्या खिळीवर येतो. एका राउंडनं काही होणार नाही कदाचित, पण हळूहळू खटका झिजतो आणि बंद केलेली नळी हातात खुळखुळायला लागते.

जुनं, आखूड .३२ एस अँड डब्ल्यू (१८७८, केस १५.४ मि.मी.) मात्र लाँगच्या चेंबरमध्ये चालतं. फक्त आखूड केसच्या तोंडापुढं काजळी आणि शिशाचं कडं जमतं. ते न काढता नंतर लाँग भरलं तर ते पूर्ण बसत नाही. अंगठ्यानं दाबून बसवायचं नाही. आधी चेंबर ब्रशनं साफ करायचं.

.३२ एच अँड आर मॅग्नम (१९८४) आणि .३२७ फेडरल (२००८) याच जाडीची, पण लांब. चेंबरच्या आतल्या पायरीला ती अडतात आणि ती पायरी तिथं मुद्दाम ठेवलेली आहे. .३२७ चा दाब ४५,००० पीएसआय, लाँगच्या तिप्पट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते होऊ शकतं हे मान्य, पण चेंबर लांबवून घेणं हा वेडेपणा आहे आणि गुन्हाही. शस्त्राच्या दुरुस्तीला किंवा बदलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो.

आता नळीचं. गोळी तीन ठिकाणांतून घासत जाते: चेंबरचं पुढचं तोंड, नळीच्या सुरुवातीचा निमुळता शंकू आणि मग आतून पीळदार खाचा असलेली नळी. लाँगची शिशाची गोळी ७.९२ ते ७.९८ मि.मी. भरते. चेंबरचं तोंड नळीच्या खाचांतल्या व्यासाइतकं किंवा एक-दोन शतांश मिलिमीटर मोठं हवं. तोंड लहान असेल तर गोळी तिथंच दाबून बारीक होते, नळीत सैल पडते, कडेनं गरम वायू निसटतो आणि शिसं वितळून खाचांत चिकटतं. तोंड फार मोठं असेल तर गोळी तिरकी शिरते आणि नेम पसरतो.

हे व्हर्नियरनं मोजू नका. त्याची अचूकताच ०.०२ मि.मी., आणि आपण शोधतोय तेवढाच फरक. सहाही तोंडांना प्लग गेज (ठरावीक मापाची गोल खुंटी) लावून बघायचं. एखादंच तोंड निराळं निघतं आणि सहातला एकच राउंड का भरकटतो ते कळतं. नळीसाठी मऊ शिशाचा तुकडा तेल लावून पितळी सळईनं आरपार ढकलतात आणि मायक्रोमीटरनं मोजतात. खाचा पाच किंवा सात असतील तर समोरासमोर खाच येत नाही, साधा मायक्रोमीटर चुकतो; व्ही आकाराचा लागतो. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच. गेज उद्यमनगरातून आणा, शस्त्र तिथं नेऊ नका.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट गॅरेजमधल्या फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) कळते, अर्थात सिलिंडर रिकामा करूनच. ०.१० ते ०.२० मि.मी. ठीक. कमी असेल तर काजळीनं सिलिंडर अडकतो. जास्त असेल तर बाजूला उभ्या माणसाला झळ लागते. एकाच बाजूनं शिशाचे कण उडत असतील तर मात्र फटीला दोष देऊ नका, चेंबर नळीच्या सरळ रेषेत येत नाही.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी मारली की नळी फुगते. अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून, सिलिंडर रिकामा करून, मगच आत बघायचं.

आपल्याकडची एक खास भानगड म्हणजे चामड्याचा पट्टा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कोल्हापुरी चामडं चपलेला झकास, पण त्यातली आम्लं पितळेला खातात. पावसाळाभर पट्ट्यात राहिलेल्या काडतुसांवर हिरवा चिकट थर धरतो. ती नीट बसत नाहीत, झाडल्यावर केस चेंबरला धरून ठेवतात. काडतुसं कोरड्या डब्यात ठेवावीत आणि थर धरलेली घासून वापरण्यापेक्षा विक्रेत्याला विचारून बाद करावीत.

निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करताना काडतुसांची संख्या पावतीवर येते. परत घेताना संख्येबरोबर बुडावरचा शिक्काही वाचा. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना, एवढ्यावर समाधान मानू नका. त्या शिक्क्यात पुढं लाँग आहे की एसीपी, ते बघा.